सांडव्यावरची पोती

आमच्या गावाच्या वरच्या अंगाला एक तळं आहे. सरकारी कागदात त्याला पाझर तलाव म्हणतात. दोन टेकड्यांच्या बेचक्यात ओढ्याला आडवी घातलेली मातीची भिंत, उंची तीस फुटांच्या आसपास, आणि उगवतीच्या कडेला खडकात फोडलेला सांडवा. भिंतीला आम्ही भराव म्हणतो. माणदेशात अशी तळी गावोगाव सापडतील आणि त्यातल्या पुष्कळांचा जन्म एकाच दुष्काळातला, 1972 सालचा. त्या वर्षी पेरलेलं उगवलं नाही, म्हणून माणसांनी मातीच उचलून एका जागेवरून दुसऱ्या जागी नेली आणि त्या मजुरीवर वर्ष काढलं.

मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. वडील खणायचे, आई पाट्या वाहायची आणि मी कामावरच्या लोकांना पाणी पाजत फिरायचो. दुपारी सुकडी मिळायची. तिची चव अजून जिभेवर आहे, पण चांगली म्हणून की वाईट म्हणून ते आता सांगता येणार नाही. भुकेच्या वेळी खाल्लेल्या गोष्टींचं तसंच असतं.

त्या कामावर आमचे आबा मुकादम होते. वडिलांचे चुलतभाऊ, पण सगळा गावच त्यांना आबा म्हणायचा. शाळा चौथीपर्यंत झालेली. पण भरावाच्या गाभ्याला घालायची काळी माती आली, की ते मूठभर माती घेऊन पाणी शिंपडून लाडू वळायचे. लाडू हातात फुटला तर ती गाडी परत जायची. मुरूम बाहेरच्या अंगाला, काळी माती मधे, थरावर थर, प्रत्येक थरावर पाणी आणि मग धुम्मस. बायका धुम्मस मारून दमल्या, की आबा स्वतः हातात घ्यायचे. 'आज कट्टाळा केला तर पन्नास वर्षांनी कुणाच्या तरी उरावर येईल,' असं म्हणायचे म्हणे. मला ते आठवत नाही. आई सांगायची.

तळं झालं आणि दोन गोष्टी घडल्या. एक सगळ्यांना दिसली. खालच्या विहिरींना पाणी आलं. जिथं बाजरीशिवाय काही होत नव्हतं तिथं शाळू, मग कांदा आणि पुढं डाळिंबं आली. माझी एकरभर बाग त्याच पाण्यावरची.

दुसरी गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही, कारण ती घडायची थांबली होती. तळ्याच्या आधी हा ओढा वर्षातले अकरा महिने कोरडा असायचा, आणि हस्ताच्या पावसात दोन तास येड्यासारखा यायचा. शेरडं न्यायचा, एकदा बैलगाडी नेली होती. म्हणून जुन्या लोकांनी ओढ्याकाठची जागा मोकळी ठेवलेली. तळ्यानं ते पाणी पोटात घ्यायला सुरुवात केली आणि ओढा मेला. दहा-पंधरा वर्षांत लोक विसरले. गायरानात, ओढ्याच्या जुन्या पात्राला लागून, ज्यांना गावठाणात जागा नव्हती त्यांनी आधी छपरं टाकली, मग पत्रे, मग घरकुलं झाली. आम्ही त्याला खालची वस्ती म्हणतो. मेंढरं राखणारी, रोजगारावर जाणारी, दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारी माणसं. तळ्याच्या पाण्यावर त्यांची एक गुंठाही जमीन भिजत नाही. तळ्यानं त्यांना दिलं ते एवढंच, की इथं पाणी येत नाही असा भरवसा.

हे मी आता लिहितोय तितकं सरळ मला तेव्हा दिसत नव्हतं. मी शेजारच्या गावी शिक्षक होतो, गणित आणि विज्ञान शिकवायचो, आणि तळ्याकडं बागेच्या मालकाच्या नजरेनं बघायचो.

2012 चा दुष्काळ आला. आमच्याकडची जनावरं छावणीला गेली. डाळिंबाला मी टँकरनं पाणी घातलं, त्यासाठी पतसंस्थेचं कर्ज काढलं. तळ्याच्या तळाला भेगा पडल्या होत्या आणि त्या भेगांत पोरं क्रिकेटचा चेंडू हरवायची. त्यामुळं पुढच्या वर्षी भाद्रपदात तळं भरलं आणि सांडव्यावरून पाणी पडायला लागलं, तेव्हा बघायला आख्खा गाव लोटला. नारळ फोडले. आणि तिथंच, पाणी सांडव्यावरून खाली जाताना बघून, कुणीतरी म्हणालं, 'आरं, हे फुकट चाललंय की!'

फुकट. दुष्काळातून आलेल्या माणसाला तो शब्द सहन होत नाही. दुसऱ्या दिवशी सिमेंटची रिकामी पोती जमा झाली, ट्रॅक्टर लागला, मुरूम भरला. सांडव्याच्या आडवी पोत्यांची भिंत उभी राहिली, अडीच फूट उंच. पोत्यांसाठी आणि सुतळीसाठी वर्गणी निघाली, तीत माझे पाचशे रुपये होते. शिवाय रविवार होता म्हणून मी स्वतः पोती दिली-घेतली. अडीच फूट म्हणजे ऐकायला थोडं वाटतं, पण तळं वर पसरत जातं, सगळ्यात वरचं अडीच फूट पाणी हेच सगळ्यात जास्त असतं. आम्हाला वाटलं आणखी एका पाण्याची सोय झाली.

आबा काठी टेकत आले. तेव्हा त्यांनी पंचाहत्तरी ओलांडली होती. त्यांनी पोती बघितली आणि मला बाजूला घेतलं.

'मास्तर, ही काढा.'

'का, आबा?'

'सांडवा म्हंजे तळ्याचं नाक हाय. तोंड बांधलं तर मानूस उपाशी ऱ्हातं. नाक बांधलं तर काय हुतं?'

मी हसलो. मग त्यांनी मला भरावावर नेलं. सांडव्यापासून भरावाच्या माथ्यापर्यंत मूळची सहा फूट मोकळी उंची ठेवलेली. पण चाळीस वर्षांत भराव दबला होता, आणि मधोमध, जिथून ट्रॅक्टर पलीकडच्या रानात जायचे, तिथं चाकोरी पडून चांगली दीड फूट खोल घळ झाली होती. 'हितनं मोज,' ते म्हणाले. 'आन ह्ये बघ, वरची माती. कवाच भिजली न्हाय ती. फुटल्यात भेगा. पानी हितवर आलं तर आतनं वाट काढंल.' शिवाय त्यांना आठवत होतं, की तळं झाल्यावर एका वर्षी सांडव्यावरून माणसाच्या कमरेइतकं पाणी चाललं होतं.

ही बेरीज-वजाबाकी पाचवीच्या पोराला जमली असती. सहातून दीड गेले, साडेचार. त्यातून पोत्यांचे अडीच गेले, दोन. कमरेइतकं पाणी म्हणजे तीन फूट. दोन फुटांच्या जागेतून तीन फूट पाणी कसं जाणार? मातीच्या भरावावरून एकदा पाणी वाहायला लागलं, की तो दगडी बांधासारखा तग धरत नाही. खालच्या अंगाची माती धुपत वर येते आणि तासा-दोन तासांत खिंडार पडतं. मी मुलांना क्षेत्रफळं आणि घनफळं शिकवायचो. मी ते गणित केलं नाही. जमत नव्हतं असं नाही, मला त्याचं उत्तर नको होतं.

'बघू आबा,' म्हणालो. गावात 'बघू' म्हणजे नाही.

हस्ताच्या शेवटच्या चरणात एका रात्री पाऊस सुरू झाला. असा की पत्र्यावर बोललेलं ऐकू येईना. लाईट गेलेली. आम्ही घरात बसून खूश होतो. सकाळी ओरडा ऐकू आला म्हणून तळ्यावर गेलो, तर पोत्यांची भिंत नव्हती. दोन-चार पोती कडेला, बाकीची खाली ओढ्यात, फाटलेली. आणि आबा सांडव्याच्या काठावर घोंगडं पांघरून बसलेले, शेजारी पहार.

रात्री अकराच्या सुमाराला ते एकटे वर आले होते. पाणी पोत्यांच्या माथ्याला लागलेलं. त्यांनी मधली पोती पहारीनं ढकलली, बाकीचं काम पाण्यानं केलं. पंचाहत्तरीचा माणूस, अंधारात, वाहत्या सांडव्याच्या काठावर. पाय घसरला असता तर सकाळी त्यांनाच शोधत बसलो असतो. पण त्या वेळी हे कुणाच्या मनात आलं नाही. लोक जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. एकानं पहार उचलून तळ्यात फेकली.

मी शिव्या दिल्या नाहीत. मी त्याहून वाईट केलं. मी गणित केलं. सांडव्याच्या खडकावर रात्रीच्या पाण्याची चिखलाची रेघ उमटली होती. टेप आणून मोजली. दीड फूट. म्हणजे पोती तशीच असती तर अडीच आणि दीड, चार फूट. घळीपर्यंत साडेचार. अर्धा फूट शिल्लक राहिला असता. मी सगळ्यांसमोर आबांना ते दाखवलं. 'बघा आबा, काही झालं नसतं. उगीच घालवलंत पाणी.'

त्यांनी रेघेकडं बघितलं, मान हलवली. 'आसंल. तुझं बराबर आसंल. पर रातच्याला मला कसं ठावं, पाऊस तीन वाजता थांबनार हाय म्हून?'

मी काही बोललो नाही. मग जाता जाता ते म्हणाले, 'आन पोती घालताना खाली इचारलं हुतं का रं तुमी?'

खाली म्हणजे वस्तीवर. नव्हतं विचारलं. वर पोती घातलीत हे वस्तीतल्या अर्ध्याअधिक लोकांना माहीतच नव्हतं. ते रात्रभर झोपले होते.

त्या वर्षी विहिरी चैत्रातच आटल्या. हेही लिहायला हवं, नाहीतर गोष्ट एकाच बाजूला कलेल. ते अडीच फूट पाणी राहिलं असतं तर महिना-दीड महिना आणखी निघाला असता. आमच्या भावकीतल्या एकानं दोन म्हशी विकल्या. माझ्या बागेची फळं बारीक राहिली, कर्जाचा हप्ता चुकला. सावधपणाचं नुकसानही कुणीतरी सोसतं, आणि ते खरं, डोळ्यांना दिसणारं असतं. तळं फुटण्याचं नुकसान मात्र फुटेपर्यंत कुणाला दिसत नाही. त्यामुळं गावाच्या हिशेबात आबा चोर ठरले. मी वर्षभर त्यांच्याशी धड बोललो नाही. 2016 साली ते गेले. मी खांदा दिला. पण मनात होतं, की माझं गणित बरोबर होतं. अर्धा फूट.

2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. सकाळी टीव्हीवर बघितलं. खालची भेंदवाडी वाहून गेली होती, वीसेक माणसं गेली. मातीचंच धरण, लहानच. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधी केल्या होत्या. मग दोन दिवसांनी त्या खात्याच्या मंत्र्यांनी सांगितलं, की खेकड्यांनी धरण पोखरलं. महाराष्ट्र हसला, चिडला. कुणी निषेध म्हणून खेकडे धरून पोलीस ठाण्यात नेले. मीही आधी चिडलो. शाळेत सहकाऱ्यांना तावातावानं म्हणालो, की हे सगळे गुन्हेगार आहेत. ज्यांना माहीत होतं आणि ज्यांनी 'बघू' म्हटलं ते सगळे.

बोलून झालं आणि तो 'बघू' माझ्याच कानात वाजला.

त्या रात्रीपासून एक प्रश्न माझ्यामागं लागला आहे. तिवऱ्याचं पाणी खाली माणसांवर गेलं, आमचं गेलं नाही. एवढ्या फरकानं मी त्यांच्यापेक्षा बरा माणूस ठरतो का? आमच्याकडं वडाप चालते. रोज जीपमधे वीस माणसं कोंबून नेणारा पोरगा रोज तालुक्याला पोचतो. लोक त्याला दादा म्हणतात, त्याच्याच गाडीनं लग्नाला जातात. ज्या दिवशी जीप उलटते त्या दिवशी तो नराधम होतो, वर्तमानपत्रात फोटो येतो. मग आदल्या दिवशी तो कोण होता? त्यानं केलेलं तर तेच होतं. पोचला तेव्हाही आणि उलटला तेव्हाही. आपण त्याच्या हातातलं मोजत नाही, रस्त्यावर त्या दिवशी काय होतं ते मोजतो आणि त्याच्या नावावर टाकतो. माझा अर्धा फूट तसलाच. तो मी राखला नव्हता. तीन वाजता पाऊस थांबला म्हणून तो मला मिळाला होता, आणि मी टेप लावून तो आबांच्या तोंडावर मारला होता.

यावर कुणी म्हणेल, मग काय जन्मभर भीतच बसायचं? तळंच नको म्हणायचं? नाही. तळ्यानंच आम्हाला जगवलं. मातीचा भराव घातला की थोडा धोका आलाच, आणि दुष्काळी गावानं तो घ्यावा यात मला काही चूक दिसत नाही. पण त्यात विहीर माझी होती आणि घर दुसऱ्याचं. पाणी वरच्यांचं, रात्र खालच्यांची. मी स्वतःचं घर तळ्याखाली बांधून पोती घातली असती, तर मला मूर्ख म्हणता आलं असतं, एवढंच. आबा ज्याला 'खाली इचारलं का' म्हणाले, ती नुसती विचारपूस नव्हती. विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते, हे आम्हाला ठाऊक होतं. म्हणूनच विचारलं नाही.

आणि तरीही एक गोष्ट मला सुटत नाही. आबांनी तरी वरच्यांना कुठं विचारलं? एका माणसानं अंधारात सगळ्या गावाचं पाणी सोडून दिलं. उद्या कुणी चुकीच्या भीतीनं तसंच केलं तर? रात्री अकराला सभा बोलावता येत नव्हती हे खरं. म्हशी विकलेल्या भावाला मी हे सांगून बघितलं. तो म्हणाला, 'म्हशी सभा घेऊन परत येत्यात व्हय?' त्याचंही चूक म्हणवत नाही.

पानशेतची गोष्ट लहानपणी ऐकली होती. मोठेपणी ती वाचली तेव्हा त्यातल्या पोत्यांपाशी अडकलो. 12 जुलै 1961 ला पुणं बुडालं ते आपल्याला माहीत असतं. आदल्या रात्री त्या अर्धवट धरणाचा माथा खचत होता, आणि लष्कराच्या जवानांनी पावसात रात्रभर मातीची पोती रचून तो उचलून धरला. धरण वाचलं नाही. पण फुटलं ते सकाळी फुटलं. मग खालचं खडकवासला गेलं आणि पुण्यात पाणी घुसलं ते उजेडी घुसलं. रात्री झोपेत घुसलं असतं तर किती माणसं गेली असती, ते सांगता येत नाही. तीही पोतीच होती. त्यांनी खालच्या माणसांना काही तास दिले. आमच्या पोत्यांनी तेच तास काढून घेतले होते.

तिवऱ्यानंतर मी खालच्या वस्तीवर गेलो. पस्तीस वर्षं नोकरी केली, त्या वस्तीतली पोरं शिकवली, पण ओढ्याच्या पात्रात उभं राहून वर भरावाकडं कधी बघितलं नव्हतं. तिथून तो फार उंच दिसतो. घरं मोजली, तेवीस. एका म्हातारीनं चहा दिला. तिला विचारलं, भीती वाटत नाही का? म्हणाली, 'आबा हुतं तवर न्हवती वाटत. ते बाटली बघायचं न्हवं.'

ही बाटलीची गोष्ट मला तिच्याकडून कळली. भरावाच्या पायथ्याला एक ओल आहे, बारमाही. हिरवं गवत असतं तिथं. पाझर तलाव म्हटल्यावर पाणी झिरपणारच. पण आबा दर पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तिथं जाऊन पांढऱ्या काचेच्या बाटलीत ते पाणी भरायचे आणि सूर्याकडं धरून बघायचे. पाणी नितळ असेल तर ठीक, नुसतं पाणी झिरपतंय. गढूळ आलं तर त्याबरोबर भरावाची माती चालली, म्हणजे आत कुठंतरी बीळ पडतंय. हे इंजिनियरही असंच सांगतात, हे मला नंतर कळलं. आबा गेल्यापासून तीन पावसाळे ते पाणी कुणी बघितलं नव्हतं.

मग मी अर्ज केला. कुठं, ते विचारू नका. एका कार्यालयात म्हणाले, शंभर हेक्टरच्या आतलं तळं आमचं, पण तुमचं आमच्या यादीत दिसत नाही. दुसरीकडं म्हणाले, रोजगार हमीतलं असेल तर जुनी फाईल बघावी लागेल. फाईल मिळाली नाही. एवढी मोठी भिंत, डोंगरावरून दिसते, पण ती कुणाची आहे हे ठरवायला आठ महिने गेले. पुढं 2021 साली केंद्रानं धरण सुरक्षा कायदा केला, तेव्हा मी पेपर घेऊन आशेनं वाचला. तो 15 मीटरपेक्षा उंच धरणांना लागू आहे, आणि 10 ते 15 मीटरमधल्या काही अटींत बसणाऱ्या धरणांना. आमचं तळं तीस फूट, म्हणजे नऊ मीटर. बुडायला नऊ मीटर पुरतं, कायद्याला पुरत नाही.

शेवटी एक तरुण अभियंता आला. चांगला पोरगा होता. भरावावर उगवलेल्या वेड्या बाभळी बघून त्यानं कपाळाला हात लावला. आम्ही म्हटलं, श्रमदानानं तोडतो. तर म्हणाला, 'लहान उपटा, मोठ्या तोडू नका. तोडल्या की मुळं आत कुजतात आणि पाण्याला आयता बोगदा मिळतो. मोठ्यांचं आम्ही बघतो.' बघतो म्हणाला, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. पण घूस लागलेली बिळं आम्ही बुजवली, आणि ट्रॅक्टरची ती घळ मुरूम आणि काळी माती घालून, पाणी मारून, धुम्मस करून भरून काढली. सांडव्यातला गाळ आणि झुडपं काढली. धुम्मस आता गावात नव्हतीच, वेल्डिंगवाल्याकडून करून आणली. हे सगळं करायला पोती रचणारीच माणसं होती. त्यातल्या एकानं काम चालू असताना खालच्या आवाजात विचारलं, 'आबा आत्ता आसते तर?' मी उत्तर दिलं नाही, धुम्मस मारत राहिलो.

14 ऑक्टोबर 2020 च्या रात्री पाऊस आला. सोलापूर, पंढरपूरच्या बाजूला त्या रात्री काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. आमच्याकडं सांडव्यावरून मांडीइतकं पाणी चालू होतं. मी दहाला जाऊन आलो. सांडवा मोकळा होता, भरलेली घळ पक्की होती, पण ओलीच्या जागी अंधारात बाटली भरली आणि टॉर्चपुढं धरली, तर पाणी पिवळसर दिसलं. ते पावसानं वरून वाहून आलेलं होतं की आतून आलेलं, मला सांगता येईना. मी पंधरा मिनिटं तिथं उभा होतो. मग वस्तीवर गेलो आणि सगळ्यांना उठवलं.

करोनामुळं शाळा बंदच होती. किल्ली मागून आणली. तेवीस घरची माणसं, तान्ही पोरं, म्हातारी, कोंबड्यांच्या पाट्या, दोन वर्गखोल्यांत. तोंडाला फडकी बांधून एकमेकांवर खोकत रात्र काढली. मेंढरं बाहेर भिजली. दोन मेंढरं गारठून मेली.

पहाटे पाऊस थांबला. ओलीचं पाणी उजेडात भरून बघितलं. नितळ होतं.

वस्तीतला एक जण चिडून म्हणाला, 'मास्तर, तुमच्यापायी रातभर पोरं गारठली. काय झालं का? सांगा, काय झालं का?' बाकीचे खाली बघत सामान उचलत होते. गावातल्या लोकांनी तर दोन दिवस चेष्टा केली, मास्तरला आबांनी झपाटलंय म्हणून. मेलेल्या मेंढरांचे पैसे मी देऊ केले, तो घेईना, मग त्याच्या बायकोनं घेतले.

मी काही बोललो नाही. काही झालं नाही, हे खरंच होतं. ती दोन मेंढरंही खरी होती. सांडव्याच्या खडकावर चिखलाची रेघ या वेळीही उमटली असणार. मी टेप घेऊन गेलो नाही.

त्या रात्रीला आता काही वर्षं झाली. मी निवृत्त झालो. भराव अजून उभा आहे. मोठ्या बाभळीही उभ्या आहेत. पावसाळ्यात बुधवारी मी बाटली घेऊन जातो. भाद्रपदानंतर जोराचा पाऊस लागला, की रात्री नऊ-साडेनऊला माझा फोन वाजतो. पलीकडून ती चहा देणारी म्हातारी बोलते. तिला नातवानं माझा नंबर लावून दिलेला असतो. ती दुसरं काही विचारत नाही.

'मास्तर, आज झोपायचं का?'

'थांबा जरा, आजी. बघून सांगतो,' असं म्हणून मी टॉर्च घेतो.